पंच्याची चौथी गाठ

"हे कुणाला पटणार नाही," असं दारातच जाहीर करून आप्पा डॉक्टरांच्या खोलीत शिरले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला होता. त्यांच्या हातात पाकीट नव्हतं. त्यांच्या सुनेनं, पद्मजानं, आधी त्यांचे हात पाहिले, मग खिसे पाहिले आणि मग डोळे मिटून घेतले.

प्रकरण साधं होतं. नऊ वर्षांच्या आर्याला मालगुंडच्या शाळेत एका जागी बसवत नव्हतं. गणित सुरू व्हायचं, संपायचं नाही. दप्तर शाळेत जायचं, घरी यायचं नाही. हा खोडकरपणा की आजार, ते डॉक्टरांकडून लिहून आणा, नाहीतर जूनपासून दुसरी शाळा बघा, असं हेडमास्तरांनी बजावलं होतं. साल २००३. असल्या मुलांचे डॉक्टर मुंबईहून रत्नागिरीत दोन महिन्यांतून एकदा यायचे आणि पावणेदोनच्या गाडीनं परत जायचे. त्यांना अठरा प्रश्नांचे दोन कागद लागत, एक घरचा, एक शाळेचा. नुसतं एकाच ठिकाणी वळवळणारं पोर ते धरत नसत. दोन्हीकडे तेच असेल तर त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचं दुखणं, म्हणायचं.

घरचा कागद घेऊन मायलेकी पहिल्या एसटीनं आल्या होत्या. "मी एकटीच अशी आहे का गं?" असं आर्यानं गाडीत तीनदा विचारलं होतं आणि तीनदा पद्मजानं तिची वेणी नीट केली होती. दहा वाजता डॉक्टरांनीही तसलंच काहीतरी विचारलं. घरात आणखी कुणी असं आहे का? सुनेनं जे उत्तर द्यायचं ते तिनं दिलं. जमिनीकडे पाहिलं.

आप्पांवर पद्मजानं एकच काम सोपवलं होतं. शाळा भरली की आर्याच्या वर्गाच्या दमयंतीबाईंकडून शाळेचा कागद पाकिटात घ्यायचा आणि पुढची एसटी धरायची. काम लक्षात ठेवायची त्यांची रीत सगळ्या गावाला ठाऊक होती. खांद्यावरच्या पंच्याच्या टोकाला गाठ मारायची, काम झालं की सोडायची. चार टोकं, चार कामं. आजची गाठ मात्र पद्मजानं निघताना स्वतः मारली होती, दातांनी ओढून.

"शाळेचा कागद?" डॉक्टरांनी विचारलं.

"वानरानं नेला."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं आणि समोर कागद ओढला. चिठ्ठी लिहितायत की काय, अशा आशेनं पद्मजा खुर्चीच्या कडेवर आली.

मग आप्पा सुटले. बाईंनी पाकीट दिलं, वर चहा दिला. ते नाकासमोर चालत थांब्यावर निघाले, तोच आंब्याच्या कलमावरून हुप्प्यानं झेप घेऊन पाकीट हिसकावलं. आप्पा मागोमाग झाडावर. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. वानरानं शेंड्यावर बसून पाकीट फाडलं, कागद उलटा धरला, मग सुलटा धरला आणि आर्याबद्दलची उत्तरं वाचून मान हलवली. एसटी आली तसं ते टपावर बसलं. सांगता सांगता आप्पा दोनदा उठून खिडकीशी जाऊन आले, डॉक्टरांचा रबरी शिक्का स्वतःच्या तळहातावर उमटवून पाहिला आणि टेबलावरच्या टाचण्या रांगेत लावल्या. डॉक्टर मध्येच कागदावर खुणा करत होते.

"आणि ते वानर शेवटी..."

"उतरलं," डॉक्टरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत आप्पा म्हणाले. "घाटात. सुरूच्या बनात. कंडक्टर साक्षीला आहे. नाव विचारायचं तेवढं राहिलं."

एक वाजून दहा मिनिटं झाली. गिरकी घेणाऱ्या स्टुलावर आर्या आता फिरत नव्हती. तोंड उघडं टाकून ऐकत होती. पद्मजा खुर्चीवरून अर्धी उठली. पोरगी एवढी स्थिर बसलेली पाहून डॉक्टर हिला धडधाकट ठरवणार. ती पुटपुटली, की एरवी अशी बसत नाही हो. आवडीचं असलं की अशी मुलं तासभरही हलत नाहीत, नावडतं पाच मिनिटं झेपत नाही, दुखणं तेच आहे, असं डॉक्टर शांतपणे म्हणाले आणि त्यांनी आणखी एक खूण केली.

"म्हणजे पाकीट तुमच्या हातात आलं होतं?"

"ह्या हातात."

"आप्पा," आर्या म्हणाली, "आईनं मारलेली गाठ तशीच आहे."

सगळ्यांनी पंच्याकडे पाहिलं. तीन टोकं चुरगळलेली होती. चौथ्यावर दातांनी ओढलेली गाठ घट्ट बसली होती.

"तीन सुटल्या म्हणजे तीन कामं झाली. हाताला डांबराचा वास येतोय, म्हणजे एक बाबल्याच्या होडीला डांबर लावायचं. शाळेत तुम्ही गेलाच नाहीत."

पद्मजाला वाटलं, शाळा गेली. खोटं बोलणाऱ्या घराला कोण चिठ्ठी देणार? डॉक्टरांनी मात्र काचेच्या पेपरवेटखालचा कागद काढून तिच्यापुढे सरकवला. चिठ्ठी होती, शिक्क्यासकट. पुढचा बाक द्यावा, मधूनमधून उठू द्यावं, काम थोडं थोडं द्यावं, सगळं लिहिलेलं. पाकीट न्यायला कुणी आलं नाही म्हणून दमयंतीबाईंनी अकरालाच फोन करून अठराही उत्तरं सांगितली होती.

"मग मघापासून काय लिहीत होतात?" आप्पांनी विचारलं.

डॉक्टरांनी दुसरा कागद फिरवला. तेच अठरा प्रश्न, वर आप्पांचं नाव, आत्माराम. पंधरा खुणा.

"निदान नाही हे, नुसत्या खुणा. मोठ्यांतही हे राहतं, घराण्यात चालतं, असं आता दिसायला लागलंय. फक्त लहानपणापासून असावं लागतं. म्हातारपणी सुरू झालेलं आम्ही धरत नाही."

आर्या आप्पांकडे बघत राहिली. स्टूल हलकेच फिरायला लागलं.

"मग प्रश्नच मिटला," आप्पा खुशीत पंचा झटकत म्हणाले. "लहानपणी मी म्हणजे जांभा दगड. बसलो की बसलो. ह्या गाठीबिठी सगळं साठीनंतरचं."

डॉक्टरांनी कागदावर काट मारायला पेन टेकवलं.

"खोटं," आर्या म्हणाली. "गाठ मारायला तुमच्या आईनं शिकवलं. तुम्हीच सांगितलंत. तिसरीत होतात. शाळा सुटली की घरी यायचं विसरायचात म्हणून."