रिकाम्या खोलीचे ठोके

"माणसाला हातही न लावता त्याचं काळीज मोजून दाखवते!" असं मी परीक्षक बाईंना ठणकावून सांगितलं. का सांगू नये? तीन वर्षं खपून आम्ही तिळाएवढा हिरा घडवला होता, तोही मुद्दाम खोट ठेवून! आत एक अणू बदललेला, शेजारची जागा रिकामी. त्या खोटीमुळेच दोन हात अंतरावरच्या हृदयाचं पुसट चुंबकत्व त्याला कळतं. बाईंना पटलं तर काम पुढे चालू, नाहीतर आम्ही सगळे घरी.

हिरा आतल्या खोलीत, पडदा बाहेर.

"आधी रिकामी खोली बघा. रेघ अगदी सपाट!"

रेघ उडाली. धक्... धक्... मिनिटाला चौपन्न.

"आत कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही."

"मग जिवंत काय आहे?"

आमचे सर माझ्याकडे असे बघू लागले, जणू मीच आत कुणाला पुरून आले होते!

दार उघडलं. अंधार. हिरव्या लेझरमध्ये हिरा निखाऱ्यासारखा लाल. एक रिकामी खुर्ची, हिरा ठेवलेलं टेबल, त्याला चिकटून मोठं लाकडी कपाट. कसलाही आवाज नाही.

झाडणाऱ्या मावशी पुटपुटल्या, "आधीचे सर याच खुर्चीत गेले. चहा अर्धाच राहिला होता."

"अहो, ठोके वाढले!" पडद्यापासून बाई ओरडल्या. "नव्वद! एकशेवीस!"

म्हणजे त्या गेलेल्या सरांनी ऐकलं होतं! मी मावशींच्या मागे सरकले.

सर मात्र धीराचे. टेबलापर्यंत गेले आणि हात जोडून म्हणाले, "सर... आपल्याला काही हवंय का?"

कपाट करकरलं. आतून घोगरा आवाज आला, "कोण... कोण गेलं खुर्चीत?"

मी किंचाळत मावशींना बाहेर ओढलं आणि धाडकन कडी लावली!

पडद्यावर आता दोन रेघा नाचत होत्या.

"वा! दोन हृदयं वेगवेगळी ओळखतो की!" बाई खूश.

एक भुताचं. दुसरं? मी माणसं मोजली. बाई, मावशी, मी... अगं बाई, सर!

तेवढ्यात दारावर धपाधप थापा. "उघडा! आपला स्टोअरकीपर आहे हा! कपाटात झोपतो मेला!"

"मॅडम, आधी मला काढा!" स्टोअरकीपर रडकुंडीला आला होता. "सहा वर्षं इथे झोपतोय, मला कुणी सांगितलंच नाही!"

बाईंनी तिथल्या तिथे मंजुरी दिली. कडीही मी लगेच काढली. म्हणजे, खरं सांगायचं तर मावशींनी काढली. मी तेव्हा जिन्यात होते.