हिरवा टाका

आमच्या भवानी पेठेतले दर्जी उस्मानचाचा भेटले, की सलाम नाही, रामराम नाही, थेट तुमच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून शिवणीवर ओढायचे आणि विचारायचे, "पक्का?" आपण "पक्का" म्हटल्याशिवाय सुटका नाही. एकदा त्यांनी हवालदाराचीच बाही ओढली. मी मध्ये पडलो म्हणून, नाहीतर रात्र चौकीत गेली असती.

त्यांची शिवण मात्र खरंच तशी. कापड विरेल, टाका ढिम्म हलणार नाही. वाढत्या अंगाच्या पोरांच्या आया वैतागायच्या. आत वाढीव कापडाची माया सोडलेली असली तरी उसवणार कोण? माझ्या जुन्या सदऱ्याची दुपटी करायला बसलेल्या आमच्या कुटुंबानं शेवटी कात्री माझ्याच पुढ्यात आपटली. चाचांना सांगितलं तर म्हणाले, "कापड फाटलं तर फाटू दे, भाऊ. शिवण उसवायला नक्को." वर प्रत्येक कपड्याच्या टोकाला, दृष्ट लागू नये म्हणून, हिरव्या दोऱ्याचा एक टाका. माझ्या लग्नाचा पांढराशुभ्र कोटही त्यातून वाचला नाही.

या सगळ्याचं मूळ दूर अरबांच्या मुलखात, बसऱ्यात होतं. पहिल्या मोठ्या लढाईत चाचा तिथं इंग्रजांच्या फौजेत विमानाच्या पंखांचं कापड शिवायला होते. विमानाला कसलं आलंय कापड, म्हणून मी आधी हसलो होतो. पण तेव्हा पंख कापडाचेच असत. त्या कापडावर रोगण चढवत, त्याला पिकल्या केळ्यांचा वास येई. म्हणून मंगळवारच्या बाजारात चाचा केळीवाल्यापाशी डोळे मिटून उभे राहत. घेत काहीच नसत.

तिथं एक गोरा पोरगा होता. तांबडे केस, अजून मिसरूड फुटलेलं नाही. उडण्याआधी तो रोज पंखाची शिवण चिमटीत ओढून बघायचा. "पक्का?" चाचा म्हणायचे, "पक्का." एके दिवशी गेला तो आलाच नाही. कसा गेला, हे दर्ज्याला कोण सांगत बसणार?

तेव्हापासून चाचांना एकच घोर: आपली शिवण तर उसवली नसेल? खाकी अंगात दिसली, की पोस्टमन असो की रेल्वेचा हमाल, "बसऱ्याला होता काय?" दुपारी बाजेवर पडून आभाळातल्या घारी बघत राहायचे. एखादी घार गिरकी घेत खाली आली, की दचकून उठून बसायचे.

अशाच एका मंगळवारी वळसंगचा एक मेंढपाळ खाकी कोट सांधायला दुकानात आला. मी तिथंच बसलो होतो. चाचांनी विचारलंच, आणि हा गडी खरंच बसऱ्याला फौजेची खेचरं हाकायला होता. कोट झाला, शेवटचा हिरवा टाका पडला आणि मेंढपाळ पुढं वाकला.

"ह्यो टाका म्या पायलाय की. वाळवंटात इमान पडलं व्हतं, त्येच्या पंखाला."

चाचांच्या हातातली सुई थांबली. त्यानं सांगितलं, पोराच्या छातीत गोळी लागली होती. केस तांबडे. मातीत ठेवायचा तर गुंडाळायला काही नव्हतं, म्हणून पंखाचं कापड काढायला गेले. "शिवणीवर लई वढलं. उसवंना. मग सुरीनं कापलं."

आता चाचा सुटले, असं मला वाटलं. इतक्या वर्षांचा घोर उतरला. पण त्यांनी सुई खाली ठेवली.

"अंगभर आलं काय कापड? पाय तर उघडे नाय ना राहिले पोराचे?"

"न्हाय. समदं झाकलं."

दुसऱ्या दिवशी चाचा दिसताच मी सवयीनं हात पुढं केला. त्यांनी बाही ओढली नाही. तिच्यावरून हलकेच हात फिरवला, ती मनगटापर्यंत नीट खाली ओढून घेतली आणि काही न विचारता पुढं गेले.

त्यांच्या पाठीकडं बघत मीच म्हणालो, "पक्का, चाचा."