तळघराचं दार

जर्मनीतल्या कासेल शहराचा वार्ताहर एकेहार्ड ब्योमे यानं दोन नगराध्यक्षांना घरी बसवलं होतं. अशा माणसानं एका खेळापुढे हात टेकणं शक्यच नव्हतं. म्हणून शुक्रवारी सकाळी त्यानं लेख लिहून धाडला: 'तळघराचं दार उघडतच नाही! ग्राहकांची लूट!'

खेळ संगणकावरचा, भुताटकीचा. माउसनं हवेलीत हिंडायचं, दिसेल ती वस्तू उचलायची आणि अडेल तिथं वापरून बघायची. एकेहार्डनं त्या दारावर पहार चालवली, कुऱ्हाड घातली, ॲसिड ओतलं, शेवटी एका मेलेल्या उमरावाचं हाडसुद्धा घासलं. (उमरावानं त्याचं काही बिघडवलं नव्हतं.) दार ढिम्म.

दुपारी सासूबाई इर्मट्राउट नेहमीप्रमाणे आलुबुखाराचा केक घेऊन कॉफीला आल्या. जावयाच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत म्हणाल्या, "दार वाजवलंस का रे?"

"सासूबाई, आत भूत आहे."

"मग? घर त्याचंच ना?"

"मी तीस वर्षं वार्ताहर आहे. मी दारं वाजवत नाही."

"ते ठाऊक आहे मला. माझ्या न्हाणीघराचं दारसुद्धा तू..."

"आई!" केक कापता कापता बायको झिग्लिंडे ओरडली.

केवळ सासूबाईंना गप्प करायला म्हणून एकेहार्डनं दारावरच्या पितळी कडीवर माउस नेला. टक टक. दार अलगद उघडलं. आतून एक पांढरीफटक म्हातारी म्हणाली, "या. कधीपासून बाहेर काय आपटताय?"

एकेहार्ड तिच्याहून पांढरा पडला. लेख उद्याच्या अंकात होता! सगळं कासेल त्याला हसणार. संपादक फोन उचलत नसे (एकेहार्डच्याच फोनांना कंटाळून). कॉफी तशीच टाकून त्यानं सायकल कचेरीकडे पिटाळली.

संपादकाचं दार बंद होतं. एरवी तो ते खांद्यानं ढकलून आत घुसायचा. पण आजचा धडा ताजा होता. त्यानं हळूच टकटक केली. उत्तर नाही. पुन्हा टकटक केली आणि टोपी हातात धरून नम्रपणे उभा राहिला.

खाली छपाईयंत्रं घरघरू लागली, तेव्हा कुठे संपादक होल्गर क्रेचमर बाहेर आला.

"एकेहार्ड? तू वाजवत होतास?"

"मग कोण?"

"अरे, तुझाच लेख पहिल्या पानावर चढवत होतो. म्हटलं, दार वाजवतोय म्हणजे कुणीतरी सभ्य माणूस आहे. थांबेल."