काळ्या जिभेचे चौदा दिवस

"जंतू," दवाखान्यातून येऊन गाडीत बसता बसता अर्व्हिड टोलफसन म्हणाला. "अल्सर त्यांनीच केलाय म्हणे. चाळीस वर्षं मुक्कामाला असतील पोटात."

"औषध आहे ना?" त्याची बायको व्हर्ना म्हणाली.

"चार तऱ्हेच्या गोळ्या, दिवसातून चारदा, चौदा दिवस. बियरचा थेंब नाही. गोळीच्या आगेमागे दूध नाही, चीज नाही. आणि जीभ काळी पडेल, पण घाबरू नका, म्हणाला डॉक्टर. तू कुणाजवळ बोलू नकोस."

"अल्सर काय जगात तुलाच झालाय?"

"अल्सरचं काही नाही गं. जंतू. लुटफिस्कचं जेवण तोंडावर आलंय."

हे व्हर्नालाही पटलं. दर ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात गावजेवणाला लुटफिस्क, म्हणजे क्षारात भिजवलेला कॉड मासा, रांधतात, आणि गेली तीस वर्षं तो हंडा अर्व्हिडच्या ताब्यात होता. मासा जरा जास्त शिजला की त्याचा चिकट लगदा होतो. अर्व्हिड घड्याळाकडे न बघता तो नेमका काढायचा. आयुष्यात त्याला मिरवण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती. पोटात जंतू असलेल्या माणसाला चारशे लोकांच्या हंड्याशी कोण उभं करणार?

शुक्रवारी बारमध्ये त्याने पाणी मागितलं.

"पाणी?" मायलो गुंडरसनने विचारलं. मायलो त्याचा शाळेपासूनचा मित्र, एकटा जीव. गेल्या वर्षी हा गडी दोन आठवडे कॅनडात मासे धरायला गेला आणि एकही मासा न घेता परतला, म्हणून गाव त्याला अजून चिडवतं.

"पाणी," अर्व्हिड म्हणाला. त्यासाठी तोंड उघडावं लागलं, आणि ती काळीकुट्ट जीभ मायलोसकट सगळ्या टेबलाला दिसली.

कुणी काही विचारलं नाही. आमच्या मिनेसोटात असलं काही विचारत नाहीत, आजाऱ्याच्या घरी भट्टीत भाजलेली हॉटडिश नेऊन देतात. पहिली शनिवारी सकाळीच आली: नूडल्स, ट्यूना, मशरूमचं दाट क्रीम आणि वर बोटभर चीज. "घरी जास्त झालं होतं," असं म्हणून शेजारणीने व्हर्नाचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मंगळवारपर्यंत अकरा भांडी जमली, प्रत्येकाच्या बुडाला मालकिणीच्या नावाची पट्टी. सगळ्यांत क्रीम, सगळ्यांवर चीज. अर्व्हिड टोस्ट चावत त्यांच्याकडे बघत बसायचा.

मग पास्टर आले. तासभर हवापाण्यावर बोलले आणि उठताना त्यांनी अर्व्हिडच्या खांद्यावर हात ठेवला. "यंदा तू आरामात बसून जेव. हंडा मायलो बघेल. उगाच दगदग नको."

"मला कसली दगदग होत नाही."

"तेच तर," पास्टर हळहळले. "तू कधी तक्रार करणारच नाहीस."

अर्व्हिडला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. ज्या हंड्यासाठी तोंड बंद ठेवलं, तोच हातचा गेला होता.

गोळ्या संपल्या, जेवणाचा दिवस आला. अर्व्हिड तळघरात बसून राहिला खरा, पण कोपऱ्यातून त्याला दिसत होतं. मायलो झारा हंड्यात बुडवून शून्यात बघत उभा होता. आणखी थोडा वेळ, आणि चारशे लोकांना खळ जेवावी लागली असती. अर्व्हिड उठला.

"बाजूला हो."

"पास्टरांनी सांगितलंय, तू—"

"मी मरत नाहीये, मायलो. मला अल्सर झाला होता. जंतूंमुळे. चौदा दिवस गोळ्या घेतल्यात."

बटाटे सोलणाऱ्या बायकांचे हात थांबले. एकीने हंड्याकडे पाहिलं, मग अर्व्हिडकडे.

मायलो खाकरला. "दिवसातून चारदा?" तो हंड्यातच बघत म्हणाला. "आणि तोंडाला नाणं चघळल्यासारखी चव?"

"तुला कसं ठाऊक?"

मायलोने झारा त्याच्या हातात दिला. "मी कॅनडाला गेलोच नव्हतो. दोन आठवडे घराचे पडदे ओढून बसलो होतो."

"म्हणजे माझी जीभ बघितलीस तेव्हाच तुला कळलं?"

"कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"कसं कळलं ते सांगावं लागलं असतं."

अर्व्हिडने पहिला मासा उचलला. अखंड, पांढराशुभ्र निघाला. मागे बटाट्यांवर सुऱ्या पुन्हा चालू झाल्या.

"अर्व्हिड," बटाटे सोलणारी शेजारीण शांतपणे म्हणाली, "तू मरत नसशील, तर माझं निळं भांडं सोमवारी आणून दे."