टिपणिसांचा कान

दिलीप टिपणिसांना हेडफोन घ्यायचा होता, ही बातमी खारघरच्या त्या सोळा मजली इमारतीत वॉचमनपासून कचरा नेणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांना पाठ झाली होती. घ्यायचा होता म्हणजे गेले पाच महिने घ्यायचाच होता. पूर्ण कान झाकणारा, बिनवायरीचा आणि मुख्य म्हणजे गाणं ऐकण्यासाठी. फोनवर बोलण्यासाठी नाही, जिममध्ये उड्या मारण्यासाठी नाही. कुणी "काका, काय घेतलं मग?" असं सहज विचारलं, तर विचारणाऱ्याची निदान वीस मिनिटं तरी जात.

मोबाइलवर परीक्षणं बघून बघून दिलीपरावांच्या बोलण्यात भलतेच शब्द शिरले होते. आवाज उघडा असतो, कोंदट असतो, ऊबदार असतो आणि नशीब फुटकं असेल तर नुसता चिखल असतो. मेव्हण्याने हौसेने दाखवलेला नवा हेडफोन त्यांनी दोन मिनिटं कानाला लावला आणि "वरच्या सुरांत काचा आहेत" असं सांगून ते जेवायला बसले. तेव्हापासून मेव्हणा त्यांचा फोन उचलत नव्हता.

थट्टा बाजूला ठेवली, तर बिचाऱ्यांचं मागणं काही फार मोठं नव्हतं. बेलापूरच्या ऑफिसातून ते सात वाजता घरी येत. तेव्हा एका खोलीत मुलाची, पार्थची ऑनलाइन लेक्चरं चालू असत, हॉलमध्ये बायकोची, नंदिनीची मालिका आणि स्वयंपाकघरात कुकर. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण या माणसाला एक गाणं सलग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला मिळालं नव्हतं. दिवसातला एक तास आपला असावा आणि त्यात दुसरं काही नसून फक्त गाणं असावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी ते खरोखर आसुसले होते.

शेवटी चाळून चाळून दोन हेडफोन उरले. एक चार हजारांचा, दुसरा बत्तीस हजारांचा.

"बत्तीस हजार?" नंदिनीने पोळी लाटता लाटता विचारलं. "तेवढ्यात फ्रिज येतो."

"फ्रिज गातो का?"

"आणि चार हजारवाला गात नाही?"

"गातो गं. पण फरक असतो. तुला नाही कळायचा तो. त्याला कान लागतो."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. नंदिनीने लाटणं खाली ठेवलं, गॅस बारीक केला आणि हात पुसले. बँकेत कर्जाचा अर्ज नाकारताना तिचा आवाज जसा शांत होतो, तसा तो झाला.

"ठीक आहे. रविवारी तुमचे डोळे बांधू. दहा वेळा मी तुमच्या कानांवर हेडफोन घालीन. कुठला कुठला ते तुम्ही सांगायचं. आठ वेळा बरोबर आलं तर बत्तीस हजारवाला घ्या, मी चकार शब्द काढणार नाही. नाही आलं तर चार हजारवाला. आणि कान हा शब्द पुन्हा या घरात काढायचा नाही."

"मंजूर!" दिलीपराव म्हणाले. "आठ कशाला? दहाच्या दहा सांगतो."

दोन्ही हेडफोन घरी आणण्याची सोय गोटीरामशेटांमुळे झाली. ही इमारत उभी आहे ती जमीन एकेकाळी गोटीरामशेटांची. त्या बदल्यात मिळालेल्या खालच्या गाळ्यात त्यांचा मुलगा धनेश इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान चालवतो. स्वतः गोटीरामशेट गावातल्या हळदींना चाळीस वर्षं बँजो वाजवत आलेले. "घरी नेऊन बगा, टिपनीसभाऊ. आपल्याच बिल्डिंगीतले तुमी," असं म्हणून त्यांनी दुकानातले दाखवायचे दोन्ही नग रविवारी अकरा वाजता स्वतः वर आणून दिले आणि परीक्षा आहे असं कळल्यावर सोफ्यावर मांडी घालून बसले.

तेवढ्यात बेल वाजली. सोसायटीच्या सेक्रेटरी रंजिता मॅडम वही घेऊन दारात उभ्या.

"पार्थने ग्रुपवर टाकलं ना, बाबांची टेस्ट आहे म्हणून. म्हटलं, कोणीतरी न्यूट्रल माणूस पाहिजे."

दिलीपरावांनी पार्थकडे पाहिलं. पार्थ छताकडे पाहत होता.

नंदिनीने ओढणी घडी करून नवऱ्याच्या डोळ्यांवर बांधली. लगेच दिलीपरावांनी हरकत घेतली. ओढणी कानांवरून जाते, मग हेडफोन नीट बसत नाही आणि खर्जाचा आवाज बाहेर गळतो. त्यामुळे ओढणी काढून पार्थची पोहायची टोपी कान मोकळे ठेवून डोळ्यांवर ओढली. मग रंजिता मॅडमनी हरकत घेतली की हातात घेतल्यावर वजनावरून कळेल. म्हणून दिलीपरावांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवायचे असं ठरलं.

"आनि वास?" गोटीरामशेट म्हणाले. "त्या म्हागड्याला नव्या चपलेसारका वास हाय. नाकाला समजल."

"बरोबर बोलताय शेट," रंजिता मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वहीत नोंद केली. नंदिनीने दिलीपरावांच्या नाकाखाली सर्दीचा बाम फासला.

अशा रीतीने घरातले कर्ते पुरुष डोक्यावर निळी टोपी, हातांवर स्वतःचीच बसकण आणि डोळ्यांतून बामाचं पाणी, अशा थाटात सोफ्यावर गोटीरामशेटांशेजारी संगीत ऐकायला बसले. पार्थने दोन्ही हेडफोन मोबाइलला जोडून दिले, बाबांच्या आवडीचं जुनं भावगीत लावून दिलं आणि तो उत्तरं लिहायला बसला. हेडफोन बदलायचं काम नंदिनीचं.

पहिल्या वेळी जरा खुडबूड झाली. काहीतरी डोक्यावर आलं, गेलं, पुन्हा आलं. मग गाणं सुरू झालं आणि दिलीपरावांचा चेहरा उजळला.

"हा! हा बत्तीस हजारवाला! अरे, काय उघडा आवाज आहे! बाई अगदी समोर बसून गातेय."

हेडफोन निघाला. थोडा वेळ गेला. पुन्हा बसला.

"छे छे. हा स्वस्तातला. तबला बघा कसा डबा वाजवल्यासारखा येतोय. काढ, काढ."

तिसऱ्या वेळी पुन्हा महागडा. चौथ्या वेळी "यात जरा चिखल आहे." पाचव्या वेळी त्यांनी डोळे मिटले, म्हणजे टोपीच्या आत मिटले असावेत, आणि म्हणाले, "ही जी ऊब आहे ना, ती पैशांनीच मिळते." सहाव्या वेळी सोफा हलत असल्याचं त्यांना जाणवलं. कान झाकलेले असल्याने गोटीरामशेटांना नेमकं काय होतंय ते कळायला मार्ग नव्हता. बहुधा त्यांनाही गाण्याची गोडी लागली असावी, असं समजून दिलीपराव खूश झाले. उरलेली उत्तरं त्यांनी दोन दोन सेकंदांत दिली. आता त्यांना ऐकायचीही गरज वाटत नव्हती.

दहावं उत्तर देऊन त्यांनी टोपी उपटून काढली.

"सांगा! किती बरोबर?"

 रंजिता मॅडम वहीत तोंड खुपसून बसल्या होत्या. गोटीरामशेटांनी उपरण्याचा बोळा तोंडात धरला होता.

"बाबा," पार्थ म्हणाला, "तुम्ही सहा वेळा महागडा म्हणालात आणि चार वेळा स्वस्त."

"मग?"

"दहाही वेळा एकच होता. चार हजारवाला."

नंदिनीने बत्तीस हजारवाला पुढे धरला. त्याच्यावरचा लाल दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. "हा पहिल्याच वेळी बंद पडला. चार्जिंग संपलंय. तुम्हाला सांगणार होते, पण तुम्ही आधीच त्याचं कौतुक सुरू केलंत. मग म्हटलं, बघू या कुठवर जातं."

"चूक माजी हाय, भाऊ," गोटीरामशेट उपरणं बाजूला करत म्हणाले. "सकालपासून त्याच्यावर मी माजा बँजो आयकत व्हतो. धनेशनं मोबाइलवर रेकार्डिंग करून ठेवलंय. पाच तास आयकला. माज्या किती चुका व्हतात, ते आज कललं मना."

दिलीपरावांनी बुडत्याच्या घाईने हात मारला. "म्हणजे परीक्षाच रद्द! तो वाजलाच नाही, तर फरक कळणार कसा?"

"रद्द कशी? मिनिट्स लिहून झाले," रंजिता मॅडम म्हणाल्या.

दिलीपराव सोफ्यात खचले. नाकाखाली बाम तसाच होता. मेव्हण्याच्या हेडफोनमधल्या काचा, पाच महिन्यांची ती व्याख्यानं, सगळं त्यांना एकदमच आठवलं असावं. ते इतके लहान दिसायला लागले की नंदिनीला हसू आवरून वाईट वाटलं. मनापासून वाईट वाटलं. तिने महागडा हेडफोन चार्जिंगला लावला आणि चहा टाकला.

चहा होईपर्यंत हेडफोन चालू झाला.

"थांबा, मी बघते," ती म्हणाली. "एवढी फरक फरक म्हणून ओरड केलीत, तो आहे तरी का ते कळू दे."

तिने हेडफोन घातला आणि तेच गाणं लावलं. सुरुवातीला ती उभीच होती. मग हळूच खाली बसली. तिची बोटं गुडघ्यावर पडायला लागली, एक टाळी, एक खाली, अगदी मोजून. लग्नाआधी सात वर्षं ती गाणं शिकत होती. नंतर बँक, बदल्या, पार्थ. घरात हे कुणी विसरलं नव्हतं, फक्त आठवायचं कारण पडलं नव्हतं. गाणं संपलं. तिने परत लावलं. गोटीरामशेटांचा चहा संपला, रंजिता मॅडमचा निवला. नंदिनीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिने तर बाम लावला नव्हता.

हेडफोन काढून ती म्हणाली, "समेवर यायच्या आधी गाणारी बारीकसं हसते हो. आणि तानपुऱ्याची एक तार किंचित उतरलेली आहे. शाळेत असल्यापासून हे गाणं ऐकतेय, पण कधी ऐकूच आलं नव्हतं."

मग तिने चार हजारवाला घालून बघितला आणि अर्ध्या मिनिटात काढून ठेवला.

"फरक आहे," ती म्हणाली. "अठ्ठावीस हजारांचा पुरेपूर फरक आहे. तुमचं बरोबर होतं."

सव्वीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं, तेही तीन साक्षीदारांसमोर. दिलीपराव ताडकन उभे राहिले. "बघ! मी काय म्हणत होतो! अगं, मला माहीतच होतं. शेट, धनेशला सांगा, पॅक करायला घे म्हणावं."

"हो शेट, सांगा," नंदिनी म्हणाली. "दोन्ही घेतोय."

"दोन्ही?" दिलीपरावांना गहिवरून आलं. "दोन्ही कशाला गं मला?"

"तुम्हाला दोन नाहीत. हा माझा." तिने बत्तीस हजारवाला जवळ ओढला आणि चार हजारवाला नवऱ्याच्या हातात ठेवला. "तुम्हाला हा. अहो, दहापैकी सहा वेळा तुम्हाला हाच महागडा वाटला. तुमची तर मजाच आहे."

एवढं बोलून तिने हेडफोन कानांवर बसवला आणि डोळे मिटले. दिलीपरावांनी उत्तर दिलं. चांगलं लांबलचक, मुद्देसूद उत्तर होतं आणि त्यात कान हा शब्द चार वेळा आला. नंदिनीला त्यातलं एक अक्षरही ऐकू गेलं नाही.