पहिल्या धारेचं कार्ड

कार्ड बसवून भोजराज बिसेनने बटण दाबलं. पंखा घुर्रघुर्र फिरला, पडद्यावर पांढरी अक्षरं धावली आणि तळाशी कालचंच वाक्य येऊन बसलं: डिस्क सापडली नाही. भोजराजने कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा सुरू केला. डिस्क पुन्हा सापडली नाही. बाहेर अंगणात त्याची बायको प्रेमिला शेजारणीला सांगत होती, "आज बाबा येऊन राहिले ना सालेकशाहून. त्यायचं नाटक पाहाचं आहे सगळ्यायले. आमच्या ह्यायनं कॉम्प्युटरात जपून ठेवलं आहे." हे 'जपून ठेवलं आहे' ऐकून भोजराजने तिसऱ्यांदा बटण दाबलं.

चिचगडच्या मंडईचा दिवस होता. दिवाळीनंतरच्या या जत्रेला घरोघरी पाहुणे येतात, दुपारी जेवतात, संध्याकाळी मंडई फिरतात आणि रात्रभर नाटक पाहतात. यंदा मात्र बिसेनांच्या घरचे पाहुणे दुपारीच नाटक पाहणार होते आणि तेही घरच्या माणसाचं. प्रेमिलाचे वडील छोटेलाल तरुणपणी नाटकात जमीनदार व्हायचे. शेवटच्या अंकात मरायला टेकलेल्या लेकीपुढे गुडघे टेकून ते माफी मागायचे, तेव्हा अख्खा मंडप ढसाढसा रडायचा. हे खुद्द छोटेलाल सांगत, आणि इतकी वर्षं सांगत आले होते की आता सालेकशात त्याबद्दल कुणाला शंका उरली नव्हती. त्या नाटकाची एकच व्हिडिओ कॅसेट होती, पण ती लावायचं यंत्र छोटेलालांच्या घरी कधीच नव्हतं. भोजराजने ती सासऱ्यांकडून मागून आणली, गोंदियातल्या दुकानातून कॉम्प्युटरमध्ये भरून घेतली आणि सांगितलं, "मामाजी, आता चिंता सोडा. कॅसेट खराब होते, कॉम्प्युटर होत नाही." कॅसेटला पुढे बुरशी लागली, ती टाकून दिली. जपून ठेवणारी माणसं जपलेली वस्तू सहसा उघडून पाहत नाहीत, तशी भोजराजनेही ती फिल्म कधी पाहिली नाही.

मग पावसाळ्यात घरामागच्या झाडावर वीज पडली आणि कॉम्प्युटरच्या आत जिथे डिस्कची वायर खोचतात ती जागा जळाली. डिस्क शाबूत होती, पण जुन्या पद्धतीची, नव्या कॉम्प्युटरला न लागणारी. भोजराजने ही गोष्ट घरात कुणाला सांगितली नाही. त्याचं कृषी केंद्र होतं, गावाच्या दारूबंदी समितीचा तो अध्यक्ष होता, चारचौघांत त्याच्या शब्दाला किंमत होती. एवढ्या सगळ्यात सासऱ्यांना मात्र तो कधीच पसंत पडला नव्हता. "जवाई चांगला आहे, पन लाकडासारखा कोरडा आहे," असं ते लग्नापासून म्हणत आले. त्या कोरड्या जावयाने आता त्यांचं सगळं आयुष्य एका डब्यात घालून बंद करून टाकलं होतं.

गोंदियाच्या दुकानदाराने, हिमांशूने, उपाय सांगितला होता. वेगळं कंट्रोलर कार्ड घ्या, आतल्या खाचेत खोचा, त्याला डिस्क जोडा, काम फत्ते. कार्ड आलं परवा. तेव्हापासून भोजराज त्याच्याशी झुंजत होता.

"भैया, कार्डवर लाइट लागून राहिली का?" हिमांशूने फोनवर विचारलं.

"नाही."

"खाच बदलून बघितली?"

"दोन्ही बघितल्या."

"वायर उलटी तो नाही?"

"सुलटी लावली, उलटी लावली, पुन्हा सुलटी लावली. हिमांशू, मामाजी देवरीत बसमध्ये बसले असतील आता."

"टेन्शन मत लो. कार्ड काढा आणि नीट बघा. खाली सोनेरी दात आहेत ना, ते कैसे दिखते?"

भोजराजने कार्ड काढून खिडकीशी धरलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दात सोनेरी नव्हते. लालसर होते, आणि बोट लावलं तर चिकट लागत होते. परवा संध्याकाळची पूजा त्याला आठवली.

बिसेनांच्या घरात नवं यंत्र पूजेशिवाय सुरू होत नाही. मळणीयंत्र, पाण्याची मोटर, मिक्सर, सगळ्यांना भोजराजच्या आईने, जमुनाबाईंनी, स्वतः टिळा लावलेला होता. लोखंडावर साधं कुंकू टिकत नाही म्हणून त्या ते तेलात कालवत. कार्ड आल्यावर त्यांनी ते पाटावर ठेवलं, तांदूळ वाहिले आणि विचारलं, "याचं तोंड कोन्तं रे?" भोजराज त्या वेळी अगदी खुशीत होता. सोनेरी दातांवर बोट ठेवून तोच म्हणाला होता, "हे बग आई, हेच तोंड." जमुनाबाईंनी मग तोंडाला चांगलं भरपूर कुंकू लावलं. नंतर त्याने ते कापडाने पुसलं होतं, पण तेल ते तेल.

भोजराजने ते फोनवर सांगितलं. "कुंकू?" हिमांशू ओरडला. "कार्डला कुंकू काऊन लावलं जी?"

"नवीन आहे म्हणून."

"बरं. पयले खोडरबरने घासा, मग अल्कोहोलने पुसा. प्युअर पायजे. पानी असलं तर नाही जमनार."

खोडरबरने घासल्यावर तेल सगळ्या दातांवर सारखं पसरलं. भोजराज धावत मेडिकलमध्ये गेला. तिथे स्पिरिट संपलेलं होतं. जे सॅनिटायझर मिळालं ते गुलाबाच्या वासाचं आणि बुळबुळीत होतं. देवरीला जाऊन यायला वेळ नव्हता. दुकानाच्या पायरीवर उभा राहून भोजराजने विचार केला, की या गावात, या घटकेला, शुद्ध अल्कोहोल कुणाकडे असेल. उत्तर त्याला लगेच सुचलं, कारण गावात त्याच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. समितीची यादी त्यानेच केली होती.

गावाबाहेरच्या टोलीवर, म्हणजे छोट्या वस्तीत, शेवटच्या घरात कवडू मोहाची दारू काढायचा. गेल्याच महिन्यात भोजराज त्याच्या अंगणात उभा राहून समितीसोबत व्यसनमुक्तीवर बोलला होता. मोटारसायकल थांबलेली पाहून कवडू मागच्या दाराने निघाला, पण अध्यक्ष एकटाच आहे हे बघून परतला.

"पयल्या धारेची आहे का?" भोजराजने खालच्या आवाजात विचारलं.

कवडूला खाली बसावं लागलं. "अध्यक्षसायेब, तुमाले?"

"मले नाई. कॉम्प्युटरले."

"हो जी," कवडू समजुतीने म्हणाला. "सांगाले काहीतरी लागतेच. कोनी म्हशीच्या पोटासाठी नेते, कोनी गुडघ्याच्या मालिशीसाठी. कॉम्प्युटर पयल्यांदाच आयकला, पन चांगला आहे."

"खरं सांगून राहिलो ना. त्याचे दात पुसाचे आहेत."

"पुसा ना जी. दात पुसा, जीभ पुसा. मी कोनाले सांगतो कायले?" त्याने थोडी दारू चुलीत शिंपडली. निळा जाळ भपकन उठला. "पाहा. पान्याचा थेंब नाई यात. मंडईसाठी ठेवली होती, पन तुमी पयल्यांदा आले."

त्याने शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ती भरून दिली. रस्त्यात कुणी पाहू नये म्हणून भोजराजने बाटली शर्टाच्या आत खोचली. बाटलीचं झाकण सैल होतं. टोलीच्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आला तसा मोहाचा एकेक घोट त्याच्या बनियनवर सांडत गेला. घरी पोचेपर्यंत छातीपासून कमरेपर्यंत तो ओला झाला होता, आणि दारात सासरे उभे होते.

"या जवाई, कुठं गेलते सकाऱ्या सकाऱ्या?" छोटेलाल म्हणाले. मग त्यांचं नाक हललं. जावयाकडे त्यांनी असं काही कौतुकाने पाहिलं की भोजराजला घाम फुटला. नमस्कार करायलाही न वाकता तो कॉम्प्युटरच्या खोलीत पळाला. शर्ट बदलायचं डोक्यात होतं, पण कपडे होते आतल्या खोलीत आणि तिथे सासऱ्यांसोबत सालेकशाहून आलेल्या सगळ्या बायका बसलेल्या.

त्याने दार लोटलं, कापसाचा बोळा दारूत बुडवला आणि कार्डाचे दात एकेक करून पुसले. बोळा लाल होत गेला. दुसरा घेतला, तो गुलाबी झाला. तिसरा पांढराच राहिला. खोलीत वास असा कोंडला की त्याचं त्यालाच गरगरायला लागलं. त्याने कार्ड खाचेत दाबलं, वायर जोडली आणि बटण दाबायच्या आधी डोळे मिटले. उघडले तेव्हा कार्डावर हिरवा दिवा लागलेला होता. पडद्यावर डिस्कचं नाव होतं. भोजराजला रडूच आलं.

"झालं का जी चालू?" छोटेलाल आत आले होते. त्यांनी मागे दाराची कडी लावली. "बाकीचे जेवून राहिले. मी पयले एकटा पाहातो थोडसं. शेवटचा अंक लावा."

भोजराजने शेवटचा अंक लावला. चित्र जरा हिरवट होतं, पण आवाज स्वच्छ होता. मंचावर जमीनदार गुडघे टेकून बसला होता. पडद्याआडून प्रॉम्प्टर म्हणाला, "पोरी, या पाप्याला माफ कर." मग जमीनदार म्हणाला, "पोरी, या पाप्याला माफ कर." प्रॉम्प्टर म्हणाला, "माझ्या हातानं मी माझं घर जाळलं." जमीनदार गप्प. प्रॉम्प्टर पुन्हा म्हणाला, जरा चिडून. जमीनदाराची मिशी एका बाजूने सुटली होती, ती एका हाताने दाबून त्याने विचारलं, "काय जाळलं?" मरायला टेकलेली लेक उठून बसली आणि तिनेच त्याला ते वाक्य सांगितलं. मंडप दणाणून गेला.

छोटेलाल खुर्चीच्या कडेला बसून पाहत होते. "लोकं रडून राहिले ना हे?"

भोजराजला खोटं बोलायची सवय नव्हती. "थोडेसे रडत असतील, मामाजी. मागं बसलेले."

"हासून राहिले, जवाई."

पडद्यावर मिशी खाली पडली. म्हाताऱ्याने हात पुढे करून ती उचलल्यासारखं केलं आणि हात मांडीवर ठेवला. इतकी वर्षं ज्या माणसाच्या नजरेला भोजराज घाबरत आला होता, तो आज एवढासा दिसत होता, आणि जावयाला त्याची फार माया आली.

"आमची प्रेमिला झोपली होती जी त्या रात्री," छोटेलाल हळूच म्हणाले. "लहान होती. तिनं पाहालं नाई हे." दारावर थाप पडली. बाहेर चटया अंथरल्याचा आवाज येत होता. "जवाई, हे कारड पुन्हा बिघडू शकते का?"

दोन दिवस भोजराजने देवाकडे एवढंच मागितलं होतं की कार्ड चालू दे. त्याने हिरव्या दिव्याकडे एकदा पाहिलं, वाकला आणि चालत्या कॉम्प्युटरमधून कार्ड उपटून काढलं. पडदा काळा झाला. छोटेलालांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी लग्नातही ठेवला नव्हता.

अंगणात पाहुणे मांडी घालून बसले होते. भोजराज दारात आला आणि म्हणाला, "नाई झालं. कार्ड गेलं. नाटक गेलं." कुणी काही म्हणायच्या आत प्रेमिला जवळ आली, थबकली आणि तिचा चेहरा उतरला.

"तुमी पिऊन आहात?"

सगळं अंगण अध्यक्षाकडे पाहू लागलं. काय झालं ते सांगायचं तर कार्डाचे दात आले असते, हिरवा दिवा आला असता, आणि दिवा लागल्यावर पुढे काय दिसलं तेही आलं असतं. भोजराजने मान खाली घातली. जमुनाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"त्याले बोलू नोको वो बाई," छोटेलाल खणखणीत आवाजात म्हणाले. "नाटक गेलं तर गेलं. मानूस तर इथंच उभा आहे." त्यांनी उपरणं सारखं केलं आणि अंगणाच्या मधोमध गुडघे टेकले. "पोरी," ते प्रेमिलाकडे पाहून म्हणाले, "या पाप्याले माफ कर."

आवाज खोल होता आणि किंचित कापत होता. बायकांनी पदर तोंडाला लावले. प्रेमिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाताऱ्याने पुढच्या वाक्यासाठी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, मग हळूच दाराकडे पाहिलं.

भोजराज खांबाआड सरकला आणि ओठ न हलवता पुटपुटला, "माझ्या हातानं मी माझं घर जाळलं."

"माझ्या हातानं," छोटेलाल गरजले, "मी माझं घर जाळलं!" आणि या वेळी अख्खं अंगण खरोखर रडलं. भोजराजने नुकतंच प्रॉम्प्टरच्या तोंडून ऐकलेलं पुढचं वाक्य पुटपुटलं, मग त्याच्या पुढचं.

प्रेमिलाने डोळे पुसत शेजारणीला म्हटलं, "पाहा ना, तिकडं बाबा जीव तोडून राहिले, आन हे पिऊन मधामधात बडबडून राहिले." शेजारणीने अध्यक्षाला गप्प बसायची खूण केली. भोजराजने हात जोडून तिची माफी मागितली आणि पुढचं वाक्य जरा मोठ्याने सांगितलं, कारण सासऱ्यांना आता ऐकू कमी येत होतं.