ओल्वेन खाटेच्या घरचे दृश्य

“आजपासून ल्लानफनॉन हे साऱ्या युरोपचे आरोग्यद्वार आहे!” अशी घोषणा पर्यटन समितीचे अध्यक्ष एम्रिस यांनी झऱ्याकाठच्या मंडपातून केली. टाळ्या पडण्याआधीच उद्घाटनाची फीत एका मेंढीने खाल्ली. कापायला काहीच न उरल्याने अध्यक्षांनी कात्री खिशात घातली आणि द्वार उघडले असे समजून चालावे, असे सर्वांना सांगितले.

या वेल्श गावात जोन्स आणि प्रॉसर इतके, की माणूस ओळखायचा तो धंद्यावरूनच. खाटीक तो ह्यू मटण. तीन खोल्यांचे अतिथिगृह चालवणारी विधवा ओल्वेन प्रॉसर ती ओल्वेन खाट. दारावरची ताऱ्यांची पाटी गेली की खाट गेली, आणि खाट गेली की ती नुसती ओल्वेन. चॅपेलमध्ये ‘ओल्वेन’ अशी हाक मारली की निम्मी बाकडी मागे वळून पाहतात, त्यांतली एक.

ती पाटी कार्डिफच्या पर्यटन खात्याच्या नव्या नियमावलीने धोक्यात आणली. कलम पहिले: प्रत्येक खोलीत झऱ्याचे अस्सल पाणी उघड्या भांड्यात ठेवावे, अस्सलपणा वासावरून ठरेल. कलम दुसरे: खोलीत कसलाही वास नसावा. आता ल्लानफनॉनच्या पाण्याला नासक्या अंड्यांचा वास येतो. त्या वासाच्याच कीर्तीमुळे संधिवाताचे रोगी पिढ्यान्‌पिढ्या नाक दाबून इथे येत आले आहेत.

“एम्रिस, अरे, पाणी ठेवू की वास घालवू?” ओल्वेनने विचारले.

“दोन्ही कर, ओल्वेन बाख, लाडके. इंग्लंडात करतातच की.”

“इंग्लंडात पाऊससुद्धा रांगेत उभा राहून पडतो. तू इथलं बोल!”

समिती बसली. स्थानिक माणसाला जो येत नाही तो वासच नव्हे, असा ठराव झाला आणि अधिकृत नाक म्हणून इद्रिसची नेमणूक झाली. इद्रिस पूर्वी इद्रिस टपाल होता. निवृत्तीबरोबर टपाल गेले आणि बिचारा नुसता इद्रिस उरला. सर्दी मात्र जन्मापासूनची, ती कायम होती. इद्रिस नाक झाल्यावर तो छाती काढून चालू लागला. खोलीत शिरायचा, डोळे मिटून हुंगायचा आणि म्हणायचा, “निर्बळ!” त्याला ‘निर्मळ’ म्हणायचे असे.

मग कार्डिफहून निरीक्षक प्यू वेष पालटून आले. वेष पर्यटकाचा होता, पण बूट स्वच्छ होते. ते बसमधून उतरताच ह्यू मटणाने टोपी काढून त्यांना ‘निरीक्षकसाहेब’ म्हटले. ते ओल्वेनकडे मुक्कामाला राहिले. सकाळी न्याहारीला उतरले तेव्हा त्यांचा चेहरा बशीतल्या समुद्रशेवाळाच्या वड्यांइतकाच हिरवा होता.

“खोलीत वास आहे,” ते म्हणाले.

ओल्वेनने इद्रिसला बोलावले. त्याने हुंगले. “निर्बळ!”

“वास नाही? मग पाणी अस्सल नाही. पाटी काढा.”

ओल्वेनने हातातली किटली खाली ठेवली. मग तिने झऱ्याच्या पाण्याचा जग साहेबांच्या नाकाखाली धरला. “घ्या, तुम्हीच सांगा.”

“अस्सल!” साहेबांचे डोळे भरून आले. “अस्सल आहे हो! पण मग वास आहे. तरीही पाटी काढा.”

“तुम्ही इथले का?”

“नाही.”

“मग तुम्हाला आला तो वास नव्हे. समितीचा ठराव आहे.”

“पण वास नसेल तर पाणी...”

“अस्सल, अस्सल म्हणून तुम्हीच ओरडलात. ह्यूच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं!”

चहा थंड झाला. साहेब नियमावली उलटसुलट वाचत राहिले. “म्हणजे इथे काहीतरी आहे, पण तो वास नाही.”

“आता कसं बोललात!”

शेवटी त्यांना तपासणीच्या तक्त्यात ‘दृश्य’ हे सदर सापडले. ओल्वेनच्या खिडक्यांतून ह्यूच्या गोदामाची भिंत दिसते, त्यामुळे ते सदर आजवर रिकामेच होते. साहेबांनी त्यात लिहिले, ‘दृश्य: अविस्मरणीय’, आणि पाटीवर एक तारा वाढवला. खाट वाचली.

आता लंडनहून लोक येतात, त्या भिंतीसमोर उभे राहून खोल श्वास घेतात आणि म्हणतात, “वा, काय दृश्य आहे!” हसू नका. दारावरचे चार तारे पाहिल्यावर तुम्हीही हेच म्हणाल; गेल्या सुट्टीत कुठेतरी म्हणालाही असाल.

या वसंतात प्यूसाहेब सहकुटुंब मुक्कामाला आले. अध्यक्षांनी त्यांना ‘आरोग्यद्वाराचे शिल्पकार’ म्हटले, बँड वाजला, इद्रिसने सर्वांसमक्ष हुंगले. सोहळा संपल्यावर साहेब खोलीच्या दारात ओल्वेनच्या कानाशी वाकले.

“ओल्वेनबाई, तेवढी खिडकी जरा उघडाल का?”